काडेपेट्या

माझ्या दारावर पत्र्याची पाटी आहे, तळहाताएवढी.
वर किड्याचं चित्र, खाली माझं नाव, निकोलासा चोकेविल्का.
उन्हापावसानं किडा अर्धा पुसलाय, नाव शाबूत आहे.
पगार नाही. एक वही, एक पेन
आणि आरोग्य खात्याची टोपी,
तीही मी कोंबड्यांना दाणे टाकताना घालते.

लोक काडेपेट्या घेऊन येतात.
कुणी औषधाच्या बाटलीत, कुणी मक्याच्या पानात गुंडाळून.
मी कानाशी धरते. आत पाय खरवडले
तर जिवंत, नाहीतर मेलेला.
फॉर्मवर तसे दोनच रकाने आहेत.

विंचुका.
आमच्या केचुआत म्हणजे स्वतःला खाली टाकून देणारा.
दिवा विझला की आढ्यातून पडतो, गालावर बसतो,
पितो, तिथेच घाण करतो, निघून जातो.
सकाळी आपण खाजवतो
आणि त्या घाणीतलं जे काही असतं ते
आपल्याच नखांनी आत ढकलतो.
मग वीस वर्षं काही होत नाही.

हेच मला गावाला समजावता येत नाही.
साप चावला तर माणूस धावत तरी सुटतो.

फर्मिन बटाट्याचं पोतं उचलता उचलता खाली बसला,
सावकाश, विसरलेलं काही आठवत असल्यासारखा.
कोचाबाम्बाच्या इस्पितळात फोटो उजेडावर धरून
डॉक्टर म्हणाला, यांचं काळीज मोठं झालंय.
मी म्हटलं, ते आधीपासूनच मोठं होतं,
मेव्हण्याला बैल दिला, परत मागितला नाही.
डॉक्टर पोरगेला होता, हसावं की नाही त्याला कळेना.
छातीत बसवायच्या यंत्राची किंमत
त्यानं चिठ्ठीवर लिहिली, तोंडानं सांगितली नाही.
चिठ्ठी अजून आहे. फर्मिन
पेरणीपर्यंतही थांबला नाही.

फवारणीची गाडी येते.
म्हणजे यायची.
आधी डिझेल नव्हतं, मग ड्रायव्हर नव्हता, मग निवडणूक लागली.
आता औषध आलंय तर पंपाचं तोंड फुटलंय.
आम्ही भिंती लिंपतो, माती, चुना, घोड्याची लीद,
निवडुंगाचा चिकट रस.
चुलीमागची एक भेग मी तीनदा बुजवली.
वाळली की उकलते. मातीचा तरी काय दोष?

एलिसेओ, माझा मुलगा, वालेन्सियात संत्री तोडतो.
सोबत्याचा अपघात झाला म्हणून रक्त द्यायला गेला.
रक्तपेढीनं रक्त घेतलं नाही, पत्र दिलं.
त्या रात्री फोनवर म्हणाला,
आई, हे मला भिंतीनं दिलं की तू?

लाइन तुटली नव्हती.
मीच बोलले नाही.

त्याला तिकडे साठ दिवसांच्या गोळ्या मिळाल्या.
अंगभर पुरळ उठलं, तरी घेतो.
आमच्या दवाखान्यात त्याच गोळ्या मार्चमध्ये येणार आहेत,
नर्स दर मार्चमध्ये सांगते.

छप्पन्न जणांना मी ट्रकमध्ये बसवून मिस्केला तपासायला पाठवलं.
म्हाताऱ्या सिप्रियानाला तर हाताला धरून चढवलं.
स्वतः नाही गेले.
कोंबड्यांकडे कुणी बघायचं, असं म्हणाले होते.
कोंबड्या सहाच होत्या.

आज दिवेलागणीला फ्लोरिंदाचा धाकटा आला.
काडेपेटी कानाशी नेली. जिवंत.
कुठे सापडला? उशीखाली.
कोण झोपतं तिथे? मी आणि बाळ.
मी लिहिलं, घरात. वय सात.
बाळाचं वय त्याला ठाऊक नव्हतं,
हातांनी लांबी दाखवली, तीच मनानं महिन्यांत बदलून घेतली.
किडा बरणीत ओतला. पोट टम्म, काळपट, पेंगुळलेला.
कुणाचं रक्त, ते लिहायला रकाना नाही.

पोरगा दारातच उभा.
आता काय रे?
काडेपेटी द्या ना. आई चुलीपाशी थांबलीय.

त्याची दुसरी मूठ घट्ट मिटलेली होती.
उघडली तर आत काड्या,
घामानं थोड्या ओलसर.
आम्ही दोघांनी मिळून एकेक परत आत ठेवली.
नऊ होत्या.